नाना, घाट उतरायला शिकवलंत त्याबद्दल

आदरणीय नाना,

साष्टांग नमस्कार.

आई, धाकटा भाऊ आणि मी किन्नौर-स्पिती करून सुखरूप परत आलो, हे तुम्हाला आम्ही आलो त्याच संध्याकाळी कळलं. तुम्ही गाडीभोवती चक्कर मारलीत, टायरवरून हात फिरवलात, "बरं झालं" म्हणालात आणि चहा घेऊन गेलात. मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. तुमच्यासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही कांद्याच्या भावाचं बोलायला लागता, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांनी वाचावं असं उघड लिहितेय, कारण आपल्या नाशिकहून दर वर्षी कितीतरी गाड्या हिमाचलकडे निघतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या शेजारच्या सीटवर तुमच्यासारखं कोणी कधी बसलेलं नसतं.

मी स्वतः गाडी चालवत स्पितीला जाणार म्हटल्यावर सोसायटीत जो तो सल्ला द्यायला लागला. ड्रायव्हर घे, चंदीगडपर्यंत रेल्वेनं जा, आईला कशाला नेतेस. तुम्ही एवढंच विचारलंत, "ब्रेक ऑइल कधी बदललंय?" मग पार्किंगमध्ये उभ्या उभ्या समजावून सांगितलंत की ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, जुनं झालं की कमी तापमानाला उकळतं, आणि लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर त्यात वाफ धरते आणि पेडल नुसतं खाली जातं. ट्रकनं कांदा घेऊन जम्मू-श्रीनगरच्या फेऱ्या केलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. गाडी बाई चालवणार, हा मुद्दा तुमच्या तोंडून एकदाही आला नाही. याचं मोल मला किती वाटलं ते तुम्हाला माहीत नसेल.

मग पुढचे रविवार तुम्ही मला दिलेत. पेठ रस्त्यावरचा सावळघाट, कसारा, आणि यात्रेची गर्दी नसताना सप्तशृंगी गडाचा नांदुरी घाट. "घाट गाडी चढते, उतरायचं मात्र माणसाला यावं लागतं," हे तुमचं वाक्य. जो घाट ज्या गिअरमध्ये चढायला लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. गडावरून खाली निघताना तुम्ही एसी बंद करायला लावलात, गाणी बंद, काचा खाली. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन घुमायला लागलं तसा माझा पाय क्लचकडे जायला लागला, तेव्हा म्हणालात, "ओरडू दे तिला. ओरडतेय म्हणजे गाडी धरून ठेवतेय." नांदुरीत पोचल्यावर तुम्ही पुढच्या चाकाच्या रिमजवळ पालथा हात धरलात, न टेकवता, आणि मलाही धरायला सांगितलंत. कोमट ऊब लागत होती. शेजारी एक मोठी गाडी नुकतीच उतरून थांबली होती, तिच्या चाकातून करपट वास येत होता. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त तिकडे मान वळवलीत.

स्टेपनी बदलणंही तुम्ही माझ्याच हातून करून घेतलंत. जॅक लावायच्या आधी नट ढिले करायचे, आणि सगळ्यात आधी चाकामागे दगड. त्या दगडाचं मी पुढे लिहिणार आहे.

आपल्या दारावरून जाणारा आग्रा रोड आम्ही धरला. चांदवडचा राहूड घाट, पुढे धुळ्यापलीकडे सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट, दोन्हीकडे मालानं भरलेले ट्रक रांगेनं उतरत होते. त्यांच्यामागे अंतर ठेवून जाताना मला घाई झाली नाही. डोंगराआधीच तुमची शिकवण कामाला आली ती अशी.

वर जायला वाट शिमल्याकडची धरायची, मनालीकडची नाही, हेही तुम्ही नकाशा बघून आधीच ठरवून टाकलं होतंत. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास, आणि तिथून कुंझुम खिंडीत गेलं की एका दिवसात साडेचार हजारांच्या वर. शिमला, नारकंडा, सांगला, कल्पा असं मुक्काम करत गेलं की शरीर हळूहळू सरावतं. स्पितीतल्या काझा गावाचा बाजारच कळसूबाईच्या शिखराच्या दुपटीहून जास्त उंचीवर आहे, नाना. तिथे आई सकाळी उठून फिरून आली, डोकं दुखलं नाही की मळमळ झाली नाही.

किन्नौरात सतलजच्या कडेनं कडा कोरून काढलेला रस्ता आहे. तरांडा ढांकपाशी डोक्यावर खडक पुढे आलेला, बाजूला खोल दरी. आपला सह्याद्री काळ्या टणक दगडाचा, तिकडचे उतार मात्र कित्येक ठिकाणी नुसत्या मुरुम-गोट्यांचे, कधी काय सुटून खाली येईल सांगता येत नाही. "भिंतीकडे बघ, दरीकडे नको, आणि दगड पडलेले दिसले तर फोटोला थांबू नको," असं तुम्ही म्हणाला होतात. सप्टेंबरचे दिवस, सफरचंदांचे ट्रक चालू होते. पुढे पूहच्या बाजूला एका अरुंद उतारावर समोरून लादलेला ट्रक वर येत होता. चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम कायद्यातही आहे, पण मी तो सावळघाटात तुमच्याकडून शिकले: लादलेली गाडी चढावर थांबली की तिला पुन्हा उचलायला किती जोर लागतो ते तुम्ही दाखवलं होतंत. मी रिव्हर्स घेऊन रुंद जागेत गाडी दाबली. त्या सरदारजींनी शेजारून जाताना हात वर केला आणि हिंदीत एवढंच विचारलं की गाडी चालवायला कुठे शिकलात. मी म्हटलं, नाशिकला.

पूह ओलांडलं की देवदार संपतात आणि डोंगर उघडे, तपकिरी, जांभळट होत जातात. पावसाचे ढग अलीकडच्या रांगांवरच रिकामे होतात. इगतपुरीला धो धो आणि सिन्नरला कोरडं, तसंच ते, फक्त अवाढव्य. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून वळणांवर वळणं घेत रस्ता नाकोला चढतो. तिथे आमची पेट्रोल गाडी धापा टाकायला लागली. हवा विरळ झाली की इंजिनाचा जोर कमी होतो, तेव्हा हाफ क्लचवर खेचत बसायचं नाही, सरळ पहिला गिअर टाकायचा, हे पाठ होतं. पेट्रोल पोवारीलाच काठोकाठ भरलेलं. पुढचा मलिंग नाला मुद्दाम नाकोला मुक्काम करून भल्या सकाळी ओलांडला, कारण ऊन वर आलं की वरचा बर्फ वितळून अशा नाल्यांचं पाणी वाढत जातं.

स्पितीतला ताबोचा बौद्ध मठ इसवी सन 996 मधला. बाहेरून मातीच्या साध्या भिंती, आत अंधारात हजार वर्षांची चित्रं. आई तिथे बराच वेळ बसली, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, आपल्या पांडवलेण्यातली माणसं आणि ही माणसं एकाच वाटेवरची. शाळेत इतिहास शिकवलेली आई आहे, तुम्हाला माहीत आहे.

आता त्या दगडाचं. कुंझुमवर देवीच्या देवळाला गाड्या प्रदक्षिणा घालून पुढे जातात, आम्हीही घातली. पलीकडे बातलपासून ग्राम्फूपर्यंत रस्ता म्हणजे चंद्रा नदीच्या कडेची गोट्यांची रांगच. मध्ये एका चढावर चाक फुसफुसायला लागलं. भावानं मागच्या चाकाला दगड लावला, मी नट ढिले केले, जॅक लावला, चाक बदललं. निघताना मी तो दगड उचलून कडेला टाकला. मागे एक टेम्पोवाला थांबला होता. तो उतरून आला आणि म्हणाला, दीदी, इथे दगड तसाच टाकून जातात आणि रात्री दुसऱ्याची गाडी त्यावर जाते. नाना, तुम्ही कसाऱ्यात रस्त्याच्या मधोमध पडलेला असाच एक दगड दाखवून गाडी थांबवली होतीत, गुडघा दुखत असताना उतरून तो बाजूला केला होतात. मी नुसतं तुमचं बघून केलं.

त्या रस्त्यावर झारखंड-नेपाळहून आलेले मजूर थंडीत खडी पसरत असतात. त्यांच्याजवळून जाताना गाडी हळू करा, धुरळा उडवू नका, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत, तरी तुमच्याबरोबर फिरल्यावर ते आपोआपच होतं. दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आदळत आल्यावर शेवटी 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा लागला. 2020 मध्ये सुरू झालेला तो गुळगुळीत बोगदा काही मिनिटांत संपला, आणि आई म्हणाली, नानांना फोन लाव. तेव्हा तुम्ही उचलला नाहीत, झोपला असाल.

पैशांचं तुम्ही ऐकणार नाही, म्हणून आईनं किन्नौरचे चिलगोजे, म्हणजे तिकडच्या पाइनच्या झाडाच्या बिया, आणलेत. सोलायला चिवट असतात, ती सोलूनच पाठवणार आहे, नाही म्हणू नका. आणि एक मागणं आहे. माझी मैत्रीण पुढच्या वर्षी वडिलांना घेऊन तिकडेच निघतेय. तिला मला जमेल तेवढं मी शिकवीन, पण नांदुरीचा घाट तिनं तुमच्या शेजारी बसून उतरावा असं वाटतं. गुडघा बरा असेल तो रविवार सांगा, तुम्हाला न्यायला गाडी खाली आणते.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची ताई