मथळ्यातला पोपट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पान 3 वर एका पुढाऱ्याचा 'पोपट झाल्याचा' मथळा होता. आमच्या स्टँडवरच्या हॉटेलात एकानं तो मोठ्यानं वाचला आणि सगळ्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. कारण माझं नाव पोपट. टोपणनाव नव्हे, शाळेच्या दाखल्यावरही हेच आहे.

आमच्या सोलापूर-नगर पट्ट्यात माझ्या वयाचे पोपट गावोगाव सापडतील. हिवरे बाजारचे पोपटराव पवार तर पद्मश्री आहेत. दगडू, धोंडू ही नावं दृष्ट लागू नये म्हणून ठेवत. पोपट हे मात्र लाडाचं नाव. मी एस.टी.त 29 वर्षं कंडक्टर होतो. छातीवर नावाची पट्टी. पहिली काही वर्षं कुणी काही बोललं नाही. पुढं कॉलेजच्या पोरांच्या तोंडी हा शब्द रुळला आणि सकाळच्या गाडीत रोजचं सुरू झालं, "मास्तर, आज कुणाचा पोपट?" मी म्हणायचो, "सुट्टे काढ, नाहीतर तुझाच." म्हणजे शब्द मीही वापरलाय, खोटं कशाला बोलू.

पण साहेब, ज्यानं हा वाक्प्रचार काढला त्यानं ज्वारी राखलेली नसणार. आमचं शेत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, मालदांडीचं. कणीस चिकात आलं की दिवस उगवायला थवा यायचा. "राघू उतरलं रं!" ही आईची हाळी, की मी माळ्यावर उभा, हातात गोफण. दगड सुटायच्या आधी थवा शेताच्या दुसऱ्या टोकाला. तिकडं पळावं तर हे परत माळ्याखाली. बुजगावण्याला बापाचा जुना सदरा घातला होता, चौथ्या दिवशी त्याच्याच खांद्यावर एक गडी बसलेला बघितला. नर होता, गळ्याला काळी-गुलाबी रेघ. (मादीला हा कंठ नसतो.) एका पायात कणसाचा तुकडा माणसानं हातात धरावा तसा धरून, मान वाकडी करून दाणा सोलत होता. खाल्लं त्याच्या दुप्पट खाली सांडलं. माझी चाहूल लागली तरी हातातला तुकडा संपवूनच उडाला. त्या रानात फजिती व्हायची ती माझी, त्याची एकदाही झाली नाही.

बाकीचे शब्दही तसलेच. आपल्याच गुन्हेवार्तेत आरोपी 'पोलिसी खाक्या दाखवताच पोपटासारखा बोलू लागतो'. न समजता घोकलं की पोपटपंची. फितवलेला साक्षीदार म्हणजे पढवलेला पोपट. आता मला सांगा, रानातल्या राघूनं कधी 'विठ्ठल विठ्ठल' म्हटलेलं कुणी ऐकलंय का? तिथं तो आपली किरकिर करतो आणि जोडीदाराशी बोलतो. माणसाची भाषा त्याला पिंजऱ्यात पडल्यावर येते. घोकून घेणारा मालक असतो, पोपटपंचीचं नाव मात्र पाखराचं.

2013 साली सर्वोच्च न्यायालयानं कोळसा खाणींच्या प्रकरणात सीबीआयला 'पिंजऱ्यातला पोपट' म्हटलं. तेव्हापासून तर दर निवडणुकीला व्यंगचित्रात पोपट ठरलेला. पिंजरा कुणाचा, हा त्यातला खरा सवाल. चित्र बघणारे हसतात ते पोपटाला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडचा रानपोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, तरी बाजाराच्या दिवशी पिशवीत घालून पिल्लं विकणारे मी माझ्या गाडीतूनच उतरताना पाहिलेत. एकदा एकाला अडवलं, तर म्हणाला, "मास्तर, तुमचीच जात आहे, अर्ध्या दरात देतो."

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला नळीवरचा पोपट कीर्तनात ऐकला असेल आपण. नळीवर बसतो, त्याच्या भारानं नळी उलटी फिरते आणि पडेन या भीतीनं तो ती घट्ट धरून बसतो. धरलेलं कुणीच नसतं. तिथंही पोपटच फसलेला, कबूल. पण महाराज तो दृष्टान्त सांगून आपल्याकडं बोट दाखवतात, आणि मंडपात कुणी हसत नाही.

माझं मागणं एवढंच, की मथळ्याला शब्द कमी पडले असतील तर फजिती आहे, हसं आहे, तोंडघशी पडणं आहे, नाक कापणं आहे. जागा अगदीच कमी असेल तर 'फजिती'ला तीनच अक्षरं लागतात, पोपटाएवढीच. आणि कधी बातमी द्यावीशी वाटली तर बाजारात विकल्या जाणाऱ्या पिल्लांची द्या, त्याला पान 3 चाललं.

आपला,
पोपट
(निवृत्त वाहक), ता. मंगळवेढा

ता.क. आडनाव मुद्दाम लिहिलेलं नाही. ते आणखी वाईट आहे, आपल्या मथळेवाल्यांच्या हाती आयतंच पडेल.