आरोग्यमंत्रिमहोदय, एक जंतू जपून ठेवायला काय लागतं?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

माहिती अधिकारातल्या माझ्या अर्जाला रुग्णालयाकडून काल उत्तर आलं. एकच ओळ: 'सदर नमुना जतन करण्यात आलेला नाही.' खाली गोल शिक्का.

माझा धाकटा भाऊ फरसाणाच्या भट्टीवर कामाला होता. उकळत्या तेलाची कढई कलंडली. भाजला, पण त्यातून तो तगला होता. मग जखमेत जंतू शिरला, रक्तात उतरला आणि त्यानं त्याला नेलं. 'सदर नमुना' म्हणजे तो जंतू.

मी विचारलं होतं ते साधंच. पहिल्या कल्चर रिपोर्टवर (जखमेतला जंतू वाढवून केलेली तपासणी) स्यूडोमोनास नावाचा जंतू, मेरोपेनेम या प्रतिजैविकापुढे 'एस', म्हणजे औषध चालेल. दुसऱ्यावरही स्यूडोमोनास, पण त्याच औषधापुढे 'आर', म्हणजे चालणार नाही. आता हा तोच जंतू बदलला, की शेजारच्या खाटेवरून दुसराच आला? दोन्ही होऊ शकतं. या जंतूच्या बाहेरच्या आवरणात ओपीआरडी नावाचं दार असतं, त्यातून औषध आत शिरतं. त्या जनुकात बिघाड झाला की दार बंद. तसं झालं असेल तर नशिबाला बोल लावीन. पण दुसरा असेल तर तो आपल्या पायांनी आला नाही. ड्रेसिंगची ट्रॉली फिरताना मी रोज बघत होतो. एकाच्या निळ्या-हिरव्या डागांच्या (हा रंग याच जंतूचा) पट्ट्या कापलेली कात्री स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, की लगेच पुढच्या खाटेवर. सिस्टरना दोष देत नाही, अख्ख्या वॉर्डाला त्या दोघी.

रिपोर्टवर दोन्ही जंतूंचं नाव एकच. खरं काय ते कळायला दोघांची जनुकं ताडून पाहावी लागतात. आणि एक तर तुम्ही फेकून दिलात!

'परवडत नाही' हे निदान पुण्यात सांगू नका. करोनात याच शहरातल्या प्रयोगशाळा विषाणूचे जनुकक्रम धडाधड वाचत होत्या. कबूल, करोनाची अक्षरं ३० हजार, स्यूडोमोनासची ६३ लाखांच्या घरात. पण त्याचाही अख्खा क्रम २००० सालीच वाचून झालाय. पाषाण रस्त्यावर एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. जगातले जंतू तिथे जपून ठेवतात. माझ्या भावाचा मात्र रुग्णालयाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेला.

१९५४ मध्ये सरकारनं पिंपरीत प्रतिजैविकांचा कारखाना काढला होता. आज त्याच पुण्यात मध्यरात्री हातात चिठ्ठी: 'कोलिस्टिन, बाहेरून आणा.' बाकीची औषधं हरली की द्यायचं हे प्रतिजैविक. या दुकानात नाही, त्या दुकानात उद्या. मिळालं, सुरू झालं, तर क्रिएटिनिन चढायला लागलं, किडन्या बसायला लागल्या. 'त्या औषधानं तसं होतं,' डॉक्टर म्हणाले. आईला हे कसं सांगायचं ते कोणत्याच डॉक्टरनं सांगितलं नाही. ती अजून 'तेलानं गेला' म्हणते, म्हणू दे.

देशात वर्षाला सत्तर लाख माणसं भाजतात. जगात २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंनी थेट १२ लाख ७० हजार बळी घेतले. आपल्या जळीत वॉर्डांत किती गेले? विचारा तुमच्या खात्याला. मोजलं की उत्तर द्यावं लागतं, त्यापेक्षा मृत्यूच्या दाखल्यावर 'भाजल्याने' लिहिणं सोपं. केरळनं २०१८ मध्ये अशा दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्ध राज्याचा आराखडा केला. आपल्याकडे फिती कापायच्या कात्र्या मात्र दरवेळी नव्या. इमारतीला पैसे, फ्लेक्सला पैसे, नर्स कंत्राटी. खासगीत जावं तर घर विकावं, आणि घर विकूनही जंतू तोच!

मागणी मोठी नाही. जळीत रुग्णाच्या जखमेतला प्रत्येक जंतू वर्षभर जपून ठेवा. एकाच वॉर्डात दोघांना एकच जंतू निघाला तर जनुकं ताडून पाहा आणि निकाल नातेवाइकांच्या हातात द्या. प्रत्येक खाटेला वेगळा ड्रेसिंग सेट. समिती नको, अभ्यासगट नको. जीआर काढा, तोही तारखेसकट.

एक मतदार,
हडपसर, पुणे