आधी हवेचे बघा

महोदय,

कालच्या अंकातला आयटी ऑफिसांच्या सजावटीवरचा लेख वाचला. बीनबॅग, कॉफी मशिन, रंगीत भिंती, सगळ्याचे कौतुक आले. तिथे दहा-दहा तास बसणाऱ्यांना ताजी हवा मिळते का, यावर मात्र एक ओळ नाही. याचा मनापासून राग आला.

मीटिंग रूमच घ्या. ५ बाय ४ मीटर, उंची अडीच मीटर, म्हणजे ५० घनमीटर हवा. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दार लावून दहा जण बसले की अर्ध्या तासात बाहेरच्या हवेतले ४२० पीपीएमचे (दहा लाख भागांत ४२० भाग) प्रमाण आत २२०० वर जाते. मग डोके जड होते, जांभया येतात आणि लोकांचे लक्ष नाही म्हणून बोलणी बसतात. ‘एसी आहे की’ हे उत्तर चुकीचे आहे. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढून, गार करून परत सोडतो. सेंट्रल एसीला बाहेरची हवा घेण्याची सोय असते. पण ती हवा गार करायला वीज लागते, म्हणून डॅम्पर, म्हणजे बाहेरची हवा आत घेणारी झडप, बंद करतात आणि तो बंदच राहतो. त्यात हॉलमध्ये मागाहून काचेच्या केबिन उभ्या राहतात, डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारा मार्ग, मात्र जुनाच. एखाद्या केबिनमध्ये हवा येणारी जाळी असते, परतीची नसते. तापमान राखणारा थर्मोस्टॅट बाहेर हॉलमध्ये. त्यामुळे केबिनसाठी तापमान उतरवले की हॉलमधले कुडकुडतात, नाही उतरवले तर केबिनमधले घामाघूम.

माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइडचा आकडा हजार पीपीएमच्या आत राहतो. एनडीआयआर सेन्सरचा (इन्फ्रारेड प्रकाशाने कार्बन डायऑक्साइड मोजणारा) मीटर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, तोंडापासून मीटरभर लांब ठेवावा आणि मीटिंग संपताना आकडा बघावा. जास्त आला तर आधी डॅम्पर तपासावा, मग फिल्टर, मग ब्लोअरचा, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, पट्टा. एअर प्युरिफायर आणून विषय मिटवू नये. तो धूळ अडवतो, कार्बन डायऑक्साइड नाही.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत सगळे बिनपाठीच्या स्टुलांवर लॅपटॉपवर वाकलेले आहेत. लॅपटॉपचा स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणला की हात वर उचलावे लागतात; हात कोपराच्या पातळीला ठेवले की मान खाली जाते. स्टँड आणि वेगळा कीबोर्ड दिल्याशिवाय हे सुटत नाही. असा फोटो आदर्श ऑफिस म्हणून पुन्हा छापू नये, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक