बडोद्याची चित्रे दाखवणाऱ्या काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये, ही आपली अट मान्य करूनच हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे. आपण केलेल्या मदतीचा लाभ एरवी माझ्यापुरताच राहिला असता. परंतु बडोद्याला चित्रे पाहण्यासाठी जाणाऱ्या प्रत्येक चित्रकाराने ती आपण घालून दिलेल्या क्रमानेच पाहावीत, असे आता मला ठामपणे वाटते.

कोल्हापूरहून निघताना केलेल्या माझ्या यादीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालय सर्वांत वर होते, कारण राजा रविवर्म्याची मूळ चित्रे पाहणे हाच प्रवासाचा हेतू होता. ती यादी आपण शांतपणे वाचलीत, “आधी भिंत बघा, कॅनव्हास नंतर” एवढेच म्हणालात आणि मला रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यात घेऊन गेलात. त्या क्षणी मी थोडी हिरमुसले होते, हे आपल्या लक्षात आले असणारच.

दिवाण भाऊ तांबेकर यांच्या या वाड्याच्या भिंतींवर रंगवलेल्या चित्रांत कृष्णलीला, महाभारतातील प्रसंग, मराठे आणि इंग्रज यांची लढाई आणि मध्येच युरोपीय वेशातील एखादी स्त्री असा सगळा संसार एका छपराखाली सुखाने नांदतो आहे. सकाळचा उजेड तिरपा येईल अशी वेळ आपण मुद्दाम निवडली होती, त्यामुळे रंगाचा पापुद्रा कुठे सुटला आहे आणि हात कुठे न थांबता फिरला आहे, हे दोन्ही दिसत होते. कोपरापासून मनगटापर्यंत एका दमात ओढलेली एक बाह्यरेषा आपण मला माझ्या वहीत पुन्हा पुन्हा काढायला लावलीत. छायाप्रकाशावर ज्यांचे शिक्षण झाले, त्या माझ्यासारख्यांचा हात अशा रेषेवर लगेच अडखळतो. सावलीचा आधार काढून घेतला की आकृती उभी करायला केवळ रेषाच उरते.

त्यानंतर रविवर्मा पाहिला आणि आपला हट्ट कशासाठी होता ते उमगले. सयाजीराव महाराजांनी १८८८ मध्ये त्याच्याकडे १४ पौराणिक चित्रांचे काम सोपवले. म्हणजे वाड्यातील भिंती रंगल्यानंतर फार काळ लोटला नव्हता, कथाही बहुतांशी त्याच होत्या, पण आता पात्रांना वजन आले, त्यांच्या अंगावर एका बाजूने उजेड पडला आणि पायांखाली खरी जमीन आली. ‘सीता भूमिप्रवेश’ या चित्रासमोर आपण मला बराच वेळ उभे केलेत. आमच्या घरी रविवर्म्याच्या छापील तसबिरी होत्या, जशा त्या महाराष्ट्रातील असंख्य देवघरांत होत्या, त्यामुळे हा चित्रकार आपल्याला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. मूळ चित्रांत मात्र जरीचा काठ जवळून पाहिला तर ती जर नसते, तपकिरी रंगावर ठेवलेले फिकट पिवळ्याचे तुटक फटकारे असतात, आणि दोन पावले मागे सरल्यावरच त्यांचा काठ होतो. छपाईत हे सारे सपाट होऊन जाते. त्याच्या नायिकांच्या अंगावरील नऊवारीकडेही आपण लक्ष वेधलेत. पुराणातल्या स्त्रियांना हे रूप त्याने इतक्या सहजपणे दिले की आज आपल्याला त्या दुसऱ्या वेशात डोळ्यांपुढे आणताच येत नाहीत.

सयाजीबागेतील संग्रहालयाबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी यांच्याभोवती शाळेच्या मुलांची जी गर्दी होती, तिच्यात आपणही मुलांइतकेच रमला होतात. तेथील चित्रशाळेची इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण महायुद्धामुळे युरोपात अडकलेली चित्रे येऊन ती खुली व्हायला १९२१ साल उजाडले, ही हकीकत आपल्या तोंडून ऐकताना जणू ती घरच्याच सामानाची गोष्ट वाटत होती. बडोद्यातल्याच अकोटा भागात सापडलेल्या जैन धातुमूर्तींमधील मुकुट घातलेला जीवंतस्वामी मात्र मी विसरणार नाही. संन्यासापूर्वीचा, राजवेशातला महावीर इतका शांत घडवता येतो, याची मला कल्पना नव्हती.

आणि शेवटी कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी उभारलेल्या या वास्तूत नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरण, मीरेचे जीवन, रवींद्रनाथ ठाकूरांच्या नाटकावरील ‘नटीर पूजा’ आणि महाभारतातील युद्ध हे विषय चार भिंतींवर रंगवले. महाराजांचे निधन १९३९ मध्येच झाले, त्यामुळे पूर्ण झालेल्या चारही भिंती त्यांना पाहता आल्या नाहीत, हे सांगताना आपला आवाज जड झाला होता. ज्या राजाने रविवर्म्याला कॅनव्हासवर पुराण रंगवायला लावले, त्यानेच अखेरीस शांतिनिकेतनच्या चित्रकाराला पुन्हा भिंतीकडे आणले. नंदलालबाबूंची रेषा तांबेकर वाड्यातील रेषेसारखी भाबडी नाही, ती सगळे शिकून झाल्यावर हवे तेवढेच ठेवणारी आहे. परंतु वाडा आधी पाहिला नसता तर हा फरक माझ्या डोळ्यांना दिसलाच नसता. रविवर्म्याच्या पुढे जाण्यासाठी त्याच्या आधीच्या चित्रकारांकडे वळावे लागले, असे माझे मत झाले आहे. आपल्याला ते पूर्णपणे पटणार नाही, हेही मी जाणून आहे.

काकूंचेही मनःपूर्वक आभार. त्यांच्या हातच्या जेवणाविषयी वेगळे काय लिहावे? मात्र मिसळीवर वाढलेल्या कोल्हापूरकराने बडोद्याच्या शेव-उसळीची मनापासून स्तुती करावी, हा आमच्याकडे गंभीर गुन्हा आहे, तेव्हा ती गोष्ट आपल्यातच राहावी.

तांबेकर वाड्यात केलेल्या रेखाटनांच्या प्रती टपालाने पाठवत आहे. लढाईच्या प्रसंगातील घोड्यांच्या पायांची ठेवण मला नीट उतरवता आलेली नाही. आपण पुढच्या वेळी वाड्यात जाल तेव्हा ती मुळाशी ताडून पाहावी आणि लाल पेन्सिलीने निःसंकोच दुरुस्त्या करून प्रती परत पाठवाव्यात, ही विनंती.

आपली नम्र,
कोल्हापूरची एक चित्रकार