पहिला तास नॅनोचा असावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदविकेच्या विद्यार्थ्यांना मी लिनक्स या संगणक कार्यप्रणालीची प्रात्यक्षिके शिकवतो. पहिल्याच तासाला त्यांच्यापुढे ‘व्हीआय’ हा एडिटर, म्हणजे फाइलमधला मजकूर लिहिण्या-बदलण्याचा प्रोग्राम, ठेवण्याची रीत बदलावी आणि सुरुवात ‘नॅनो’ या साध्या एडिटरने करावी, अशी अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे.

बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या व्हीआयची ताकद मला पूर्ण मान्य आहे. मी स्वतः रोज त्याचाच वंशज ‘व्हिम’ वापरतो. परंतु त्यात मजकूर लिहिण्याची अवस्था वेगळी आणि आज्ञा देण्याची वेगळी असल्यामुळे, आजवर केवळ मोबाइल हाताळलेली मुले अक्षरे दाबतात, पडद्यावर भलतेच काही घडते, आणि बाहेर पडण्याची वाट न सापडल्याने ती शेवटी टर्मिनलच, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकीच, बंद करून टाकतात. त्या दिवशी फाइलमध्ये काय लिहायचे होते, हे बाजूलाच राहते.

नॅनोमध्ये फाइल उघडताच लिहायला लागता येते. खालच्या दोन ओळींत मुख्य आज्ञा सतत दिसत असतात. त्यांतील ‘^’ या चिन्हाचा अर्थ कंट्रोलची कळ, एवढे एकदा सांगितले की पुरते. कंट्रोल-ओने फाइल जतन होते, कंट्रोल-केने ओळ कापली जाते, कंट्रोल-यूने ती हव्या त्या जागी चिकटवता येते, आणि कंट्रोल-एक्स दाबल्यावर बदल जतन करायचे का, हे नॅनो आपणहून विचारतो. ब्राउझरमधले टर्मिनल वापरणाऱ्या प्रयोगशाळांत मात्र शोधासाठीचे कंट्रोल-डब्ल्यू दाबल्यास टॅबच बंद होण्याचा धोका असतो. तेथे एफ-६ ही कळ शिकवावी.

नॅनोचा जन्मही वर्गात सांगण्याजोगा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘पाइन’ या ईमेल प्रणालीतील ‘पिको’ एडिटर सोपा होता, पण त्याच्या परवान्यामुळे तो मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे कोणालाही बदलून वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बसत नव्हता. म्हणून ख्रिस अ‍ॅलेग्रेटा यांनी १९९९ मध्ये तसाच एडिटर नव्याने लिहिला, २००० मध्ये त्याला नॅनो हे नाव मिळाले, आणि पुढे तो मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्या ग्नू प्रकल्पात गेला.

काही सर्व्हरांवर केवळ व्हीआयच असतो, हा आक्षेप खरा आहे. त्यामुळे व्हीआय वगळावा असे मी म्हणत नाही. फाइल उघडणे, बदलणे, जतन करणे हातात बसल्यावर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो जरूर शिकवावा.

आपला,
एक संगणक शिक्षक