तीन दरवाजापर्यंत सोबत आलेल्या मावशींना

प्रिय मावशींना सप्रेम नमस्कार,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. अहमदाबादच्या खाडियात एका अनोळखी बाईला अख्खी दुपार देणारी माणसं राहतात, हे इतरांनाही कळायला हवं.

त्या दिवशी सकाळी महापालिकेच्या हेरिटेज वॉकबरोबर मी काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत चालले होते. १९९७ पासून चालू असलेली ही फेरी फार चांगली आहे. कवी दलपतरामांच्या घराची जागा, एका पोळमधून, म्हणजे जुन्या शहरातल्या दरवाजाच्या आतल्या गल्लीवस्तीतून, दुसऱ्या पोळमध्ये निघणाऱ्या चोरवाटा, पाखरांना दाणे घालण्यासाठी उभारलेले नक्षीदार चबुतरे हे सगळं तिच्यामुळे पाहिलं. अहमदशाहानं १४११ मध्ये वसवलेलं हे शहर २०१७ साली भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर ठरलं, हेही ऐकलं. पण ते सगळं घरांच्या उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्याच्या आत तुम्ही नेलंत.

तुमच्या पोळमधला चबुतरा बघत मी आईशी फोनवर बोलत होते आणि ओट्यावरून तुम्ही विचारलंत, "पुण्याची का गं?" बडोद्याचं माहेर, दांडिया बाजारातलं लहानपण, त्यामुळे तुमचं मराठी अजून किती गोड आहे! चहा होईपर्यंत तुम्ही मला चौकात उभं केलंत आणि फरशीतलं झाकण उचलून दाखवलंत. खाली पाण्याचं टाकं. आमच्या सह्याद्रीतल्या गडांवर टाकी असतात, पण घराच्या पोटात टाकं मी पहिल्यांदा पाहिलं. पहिला पाऊस छप्पर धुवून वाहून जाऊ द्यायचा, मग नळीचं तोंड टाक्याकडे वळवायचं. आत ऊन पोचत नाही म्हणून पाणी वर्षभर टिकतं. तुमच्या सासूबाई ओढणीचा पदर न ओला करता घागर कशी काढायच्या, हे तुम्ही हातवारे करून सांगितलंत, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावरचा अभिमान मला त्या कोरीव खांबांपेक्षा जास्त आवडला.

आणि भिंतीची गोष्ट. दोन घरांत मिळून एकच भिंत, विटांमध्ये लाकडाच्या तुळया गुंफलेल्या. शेजारचं कुटुंब साबरमतीपलीकडे राहायला गेलं, घराचं गोदाम झालं, आणि आता ते पाडायचं म्हणतात. ते पडलं तर तुमच्या भिंतीचा आधार जाणार. जुनं शहर वाचवायचं म्हणजे दर्शनी नक्षी रंगवायची, असं अनेकांना वाटतं. मला तुमच्याकडे बसून कळलं की शेजार टिकला तरच घर टिकतं. पाहुण्यांनी फोटो काढून ते टिकणार नाही. तिथे कोणीतरी रोज चूल पेटवावी लागते, पावसाळ्याआधी छप्पर झाडावं लागतं. हे तुम्ही या वयात करता आहात.

खरे आभार मात्र त्यापुढच्या चालण्याचे. गुडघे दुखत असताना तुम्ही माणेकचौकातून मला तीन दरवाजापर्यंत, त्या तीन कमानींच्या जुन्या वेशीपर्यंत नेलंत. वाटेत सोन्याचांदीच्या पेढ्यांवर तुम्हाला नमस्कार करणारे किती जण भेटले! तीन दरवाजाखाली फेरीवाले, रिक्षा, कपड्यांचे ढीग. त्या कोपऱ्यात एका मुसलमान घराण्यानं पिढ्यान् पिढ्या तेवत ठेवलेला लक्ष्मीचा दिवा तुम्ही दाखवलात. आणि मग तो शिलालेख. १८१२ साली मराठ्यांचे सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी काढलेला हुकूम, देवनागरीत कोरलेला: वडिलांच्या मिळकतीतला मुलीचा वाटा तिला विनाअडथळा मिळावा. हिंदूनं हे मोडलं तर त्याला महादेवाला जाब द्यावा लागेल, मुसलमानानं मोडलं तर अल्लाला आणि रसूलाला.

मराठ्यांचं अहमदाबाद म्हटलं की मला पेशवे आणि गायकवाडांमधली वसुलीची वाटणी आणि रायखडची गायकवाड हवेली एवढंच आठवायचं. वसुलीच्या बदल्यात या शहराला काय दिलं, असा प्रश्न शाळेच्या पुस्तकानं कधी विचारला नाही. हा एक दगड त्याचं उत्तर आहे, आणि तो मला तुम्ही दाखवलात. गर्दीत तो सहज नजरेतून सुटला असता.

मावशी, तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं. माझ्या माहेरी गावच्या घराचं हक्कसोडपत्र तयार होऊन सहीसाठी पडून होतं. बहिणींनी सही करायची असते, आमच्याकडे असंच चालत आलंय. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं समान वाटा दिला हे मला पाठ होतं, तरी सही करायचं मनानं जवळजवळ ठरवलं होतं, भांडण नको म्हणून. त्या दगडासमोर उभी राहिले आणि दोनशे वर्षांपूर्वी एका सुभेदाराला जे भर बाजारात लिहावंसं वाटलं ते मी घरातल्या घरात बोलायलाही घाबरते, हे सहन होईना. सही केलेली नाही. दादाशी बोलले. तो रागावला नाही, विचारात पडला. दिवाळीनंतर सगळ्यांनी एकत्र बसायचं ठरलं आहे. काय होईल ते होईल. बोलायचं बळ तुमच्याबरोबरच्या त्या चालण्यानं दिलं.

पुण्यातले हौद अजून आहेत का, असं तुम्ही विचारलं होतंत. कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी जमिनीखालच्या नळांनी पाणी आणलं, त्यावरचे काही हौद अजून दिसतात. तुमच्याकडे घराघराचं टाकं, आमच्याकडे पेठेचा हौद. पाणी भरतानाच्या गप्पा दोन्हीकडे तेवढ्याच रंगत असणार. थंडीत इकडे याच. जिने टाळून जाता येईल असा रस्ता मी आधी चालून बघते. येताना टाक्याच्या पाण्याची एक बाटली आणलीत तर आई खूश होईल, तिला अजून खरं वाटत नाहीये.

तुमची,
पुण्याची भाची