पाण्याचा हिशेब ऑक्टोबरमध्येच गावापुढे यावा

महोदय,

मराठवाड्यात पाणीटंचाईची चर्चा सुरू होते ती टँकरच्या खेपा सुरू झाल्यावर. तोवर काही ठरवण्याची वेळ निघून गेलेली असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, आणि ऑक्टोबरमधील पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून टंचाईचा अंदाजही बांधते. हा अंदाज टंचाई आराखड्यात जातो. परंतु तो पाहून रब्बीत काय पेरायचे, ऊस लावायचा की नाही, हे ज्यांनी ठरवायला हवे, त्या शेतकऱ्यांच्या कानी तो पडत नाही.

याचे परिणाम आमचे गाव भोगत आहे. नळयोजनेच्या विहिरीला लागून पाच-सहा वर्षांत एकामागून एक बोअर घेतले गेले, त्यांवर ऊस उभा राहिला आणि मे महिन्यापर्यंत पुरणारी विहीर फेब्रुवारीतच तळ गाठू लागली. गेल्या उन्हाळ्यात त्यातलेच दोन बोअर अधिग्रहित करून, मालकांना मोबदला देऊन, गावाची तहान भागवावी लागली. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास १९९३ च्या कायद्यानेच मनाई केली होती. पण भावकीतल्या माणसाविरुद्ध तक्रार घेऊन तहसीलला जायचे कोणी? हे ओझे एकट्यादुकट्यावर टाकणे अन्यायाचे आहे. ते ग्रामसभेनेच उचलले पाहिजे.

हिवरे बाजारने ते उचलले. जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाच्या या गावाने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि ऊस-केळीवर स्वतःहून बंदी घातली. तिथे पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. माणसांचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढून उरलेल्या पाण्यावर पिके ठरतात. याउलट २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली.

माझी प्रशासनाला विनंती एवढीच, की ऑक्टोबरची पातळी मोजून होताच ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावी, आठ दिवसांत विशेष ग्रामसभा बोलवावी आणि पिण्याच्या विहिरीभोवतीच्या उपशाचा निर्णय त्याच सभेत नोंदवून घ्यावा.

आपला,
एक शेतकरी, जि. बीड